ठकीची पिसं

गोजराबाई लोण्याच्या मडक्याला बाहेरून कोळशाची रेघ मारून ठेवायची. आत लोणी जिथपर्यंत, बाहेर रेघ तिथपर्यंत. सकाळी एक, सांजेला एक. भाकरीच्या टोपलीवर फडकं बांधताना ती जी गाठ मारायची, ती सगळ्या घोटावड्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ती गाठ तिच्या आईची. तिनं ती लेकीलासुद्धा लग्नाच्या आदल्या दिवशी दाखवली, तीही दार लावून.

पौडाला एस.टी. नवी नवी यायला लागली तेव्हा तिचा नवरा कोंडिबा तिला हौसेनं गाडीत बसवायला घेऊन गेला. कंडक्टरनं तिकिटाला भोक पाडून तिच्या हातात दिलं, तशी ती ताडकन उभी राहिली.

"चांगला कागुद होता, माझ्या डोळ्यांदेखत फाडलास. फाटका मला देतोस व्हय रं?"

गाडी थांबवून ती उतरली आणि मुळा नदीच्या काठानं चालत घरी आली. कोंडिबा तिच्या मागं दहा पावलं राहून चालला. 

गाव तिला हसायचं, पण पाठीमागं. कारण तिच्या संशयातून दोन खऱ्या चोऱ्या उघड झाल्या होत्या. एकदा खळ्यावरून गेलेलं नाचणीचं पोतं, आणि एकदा भैरोबाच्या देवळातली घंटा. दोन्ही वेळा तिनं आधी स्वतः पाहिलं होतं आणि मगच नाव घेतलं होतं. याचा तिला फार अभिमान होता. "गोजरा डोळ्यानं बघितल्याबिगर नाव घेत न्हाई," असं ती स्वतःच स्वतःबद्दल सांगायची. म्हणून तिनं नाव घेतलं की गाव ऐकत असे. आणि म्हणूनच त्या माघात जे घडता घडता राहिलं, ते साधं नव्हतं.

तिला एकच लेक, रंभा. पांदीतला जुना उंबर वादळात पडला तेव्हा त्याच्या ढोलीत रंभाला पोपटाची दोन पिल्लं सापडली. उघडी, लाल, डोळे मिटलेली. तिनं हरभऱ्याची डाळ चावून चावून भरवली आणि दोघांना मोठं केलं. नराच्या गळ्याला गुलाबी कंठ उमटला, तो गुलब्या. मादीला कंठ नव्हता, ती ठकी. कोंडिबानं पुण्याच्या बाजारातून तारेचा एक गोल पिंजरा आणला होता, घागरीएवढा. पण पोपट त्यात फक्त रात्री निजायचे. दिवसभर ते रंभाच्या खांद्यावर, नाही तर पडवीच्या वाशावर असायचे.

वैशाखात रंभाचं लग्न झालं, पौडाच्या पलीकडं. सासूला घरात पाखरं नको होती. निघताना रंभानं आईचे दोन्ही हात धरले.

"आये, ह्यास्नी जप. मी जत्रंला यीन तवा दोघंबी अशीच पायजेत."

"अशीच म्हंजी कशी?"

"अशी. एक पीस कमी न्हाई."

गोजराबाईनं ते शब्द पदराला गाठ बांधावी तसे बांधून घेतले. सुरुवातीला तिनं कोंडिबालाच राखणीला बसवलं. दिवाळीला रंभा दोन दिवस येऊन गेली, तेव्हा पोपट गोजिरवाणे होते. ती परत गेल्यावर मात्र गोजराबाईच्या मनानं घेतलं, की कुणाची तरी नजर लागणार. पडवीत येणारा जाणारा बघतो, 'वा काय पाखरं' म्हणतो, आणि नजर तिथंच लागते. मांजर आहे. रस्त्यावरची पोरं आहेत. तिनं पिंजरा पडवीतून काढला आणि चुलीजवळच्या आढ्याला टांगला. दाराला आपली गाठ मारली. पिंजऱ्याला काळा दोरा बांधला, बिब्बा लटकवला. वरून घोंगडीचा काळा तुकडा पांघरला, म्हणजे कुणाचा डोळाच पोचायला नको.

"आता न्या म्हणावं," ती म्हणाली.

गुलब्याला बोलता यायचं, पण एकच वाक्य. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अंगणात पाऊल वाजलं की गोजराबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडायची, "कोन हाय तितं?" दिवसातून चाळीस वेळा. घोंगडीच्या अंधारात बसून गुलब्यानं तेवढं उचललं होतं. तोच आवाज, तोच सूर, शेवटी तशीच ओढ. कधी कधी कोंडिबा बाहेरून आला की आतून दोघं एकदम विचारायचे आणि तो गोंधळून उंबऱ्यावरच थांबायचा.

पौषाच्या शेवटी धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, गावात आला. धुळाजी आणि त्याची बायको बानूबाई, शंभरावर मेंढ्या, दोन घोडी, एक कुत्रं. दरवर्षी ते कोंडिबाच्या वावरात मेंढरं बसवायचे. मेंढरं रात्रभर बसली की वावराला खत होतं आणि धनगराला त्याबद्दल धान्य मिळतं. बानूबाई पहिल्या दिवशी दूध घेऊन घरी आली, चुलीजवळ बसली, आणि घोंगडीखालची कुरकुर ऐकून तिनं उठून घोंगडीचं टोक वर केलं.

"रंभाची पाखरं व्हय? अंधारात का कोंडली?"

गोजराबाईनं तिच्या हातातून टोक ओढून घेतलं. त्याच संध्याकाळी पिंजऱ्याखाली तिला एक हिरवं पीस सापडलं. छातीवरचं, बारीक.

दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी मूठभर.

आठ दिवसांत ठकीची छाती सोलल्यासारखी झाली. कातडी दिसायला लागली, करडी आणि सुरकुतलेली.  जत्रेला दोन महिने. 'एक पीस कमी न्हाई.' आणि दुसरं एक भय होतं, जे तिनं कोंडिबालाही सांगितलं नाही. पाखरू लेकीनं आपल्या हातानं वाढवलेलं. त्याची पिसं जातात म्हणजे तिकडं लेकीचं काय जात असेल?

पिसं कोण नेतं? मांजर नाही, मांजर अख्खं नेईल. उंदीर नाही, दारावरची गाठ जशीच्या तशी. मग हे हाताचं काम नाही, नजरेचं आहे. आणि नजर टाकली कुणी, तर एकाच बाईनं.

तिनं उपाय वाढवले. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या पिंजऱ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. धूर झाला. पोपट खोकल्यासारखे करायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "बघा, बाधा निघतीया." मग रोज उतरवायला लागली. बिब्बा एक होता, तीन केले. घोंगडी दुहेरी केली. आणि पिसं आणखी गळायला लागली, ती गोजराबाई सकाळी केराबरोबर लोटून उकिरड्यावर टाकायची आणि दात खायची.

एका सकाळी धुळाजी बांधावरून गेला. त्याच्या मुंडाशात एक हिरवं पीस खोवलेलं होतं.

गोजराबाईनं हातातली कळशी तिथंच टेकवली. ती तडक देवळात गेली आणि गेणबा गुरवाला म्हणाली, कौल लाव. गेणबानं देवाच्या छातीला दोन्ही अंगांना एकेक फूल ओलं करून चिकटवलं. उजवं पडलं तर बानूनं केलं, डावं पडलं तर नाही. दोघं बसून राहिले. बऱ्याच वेळानं डावं फूल पडलं.

"न्हाई म्हणतोय देव," गेणबा म्हणाला.

"दूध कोन देतंय रं तुला सध्या?"

"बानूबाय देती. का वं?"

"तेच म्हणलं."

"अवं, फूल काय मी ढकललं का काय!"

"ढकललं न्हाईस. फुंकर घातली आसशील."

गेणबानं कपाळावर हात मारला आणि देवाकडं बघितलं. देव काही बोलला नाही.

घरी येऊन तिनं कोंडिबाला सांगितलं, "त्या धनगरास्नी म्हणावं उद्या वावरातनं उठा. आनि शनवारी देवळाम्होरं मी नाव घेनार हाय. बानूनं करनी केली म्हनून."

कोंडिबा विळ्याला धार लावत होता. तो बराच वेळ धारच लावत राहिला. या बाईनं नाव घेतलं तर काय होईल ते त्याला कळत होतं. उद्या ते चांदे गावाला पोचेल, परवा पुढच्या गावाला. धनगराचा वाडा पोचायच्या आधी त्याची अब्रू पोचते. मग त्याला कुणी वावरात बसू देत नाही, विहिरीवर येऊ देत नाही.

"सांगतो उठायला," तो शेवटी म्हणाला. "पर तू डोळ्यानं बघितलंस का?"

एवढंच म्हणाला आणि विळा घेऊन निघून गेला.

ते तिला लागलं. रात्रभर कुशीवर वळत राहिली. पिसं तिनं पाहिली होती, मुंडाशातलं पीस पाहिलं होतं. पण पीस जाताना पाहिलं होतं का? नव्हतं पाहिलं. सकाळी कोंडिबा शेतावर गेल्यावर तिनं घोंगडी काढली, पिंजऱ्याचं दार तपासलं, आणि मोठ्यानं, कुणी ऐकत असेल त्यानं ऐकावं म्हणून, म्हणाली, "मी नदीला चालले गं बाई धुनं घिऊन." मागच्या दारानं परत आत आली. कोपऱ्यात भाताची मोठी कणगी होती, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत ती अंग चोरून बसली. बिब्बा आणि मिरच्या ओच्यात घेतल्या होत्या. करणी करायला जे येईल त्याच्या डोळ्यात घालायला.

कौलांच्या फटीतून उन्हाची एक काडी खाली आली होती. ती हळूहळू सरकत होती. चूल विझत आलेली, तिचा धूर मात्र थांबला नव्हता. तो सरळ वर जाऊन पिंजऱ्यात शिरत होता आणि तिथंच घोटाळत होता. गोजराबाईनं हे कधी बघितलंच नव्हतं. चुलीपाशी बसलेल्या माणसाला धूर वर कुठं जातो ते दिसत नाही.

ठकी तारेच्या गजावर बसली होती. एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची. गज गुळगुळीत, पायाला धरायला काही नाही. इकडं वळली तर शेपूट तारेला घासायचं, तिकडं वळली तर गुलब्या. पंख उघडायला गेली, ते अर्धे उघडले आणि अडकले. मग तिनं मान खाली घातली. छातीवरचं एक पीस चोचीत धरलं. ओढलं. ते चोचीत फिरवत फिरवत तिनं त्याचं बूड चावलं, चावून चावून बारीक केलं आणि खाली सोडलं.

पीस तरंगत आलं आणि चुलीच्या राखेत पडलं.

 ठकीनं दुसरं धरलं.

"कोन हाय तितं?" गुलब्या ओरडला. कुणी नव्हतं. त्यानं आपलं आपणच विचारलं.

ठकीनं तिसरं धरलं.

तेवढ्यात अंगणात खरंच पाऊल वाजलं.

"कोन हाय तितं?"

"मी बानू," बाहेरून आवाज आला. "गोजराक्का, हायेस का?"

"कोन हाय तितं?"

"सांगतिया की, बानू. धुळाजीची बायकू."

"कोन हाय तितं?"

"अगं बया, आता काय आज्याचं नाव सांगू व्हय!" म्हणत बानूबाई उंबरा ओलांडून आत आली, आणि रिकामी चूल बघून थबकली. तशी कणगीमागून गोजराबाई उठली. तोंडाला जळमटं, कपाळाला काजळी, ओच्यात मिरच्या. बानूबाई दोन पावलं मागं सरकली.

"हितं का बसली हायेस?"

"बसलेय आपली. माझं घर हाय," गोजराबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

बानूबाईनं कमरेची चंची सोडली आणि त्यातून चार हिरवी पिसं काढून तळहातावर धरली. "तुमचं मालक म्हणलं, वावरातनं उठा. का म्हणून इचारलं तर गप. उकिरड्याचं खत वावरात टाकलंय, त्यात ही सापडली. आमच्या म्हाताऱ्यानं एक मुंडाशाला लावलं, त्याला आपली हौस. म्हणून आले. आक्का, बूड बघ ह्याचं. कुनी उपटलं तर बूड साबूत निघतं. हे चावलंय."

गोजराबाईनं पिसं हातात घेतली. तिनं स्वतःच लोटून टाकलेला केर तिच्याकडं परत आला होता.

"आमी वाघूर लावतो न्हवं," बानूबाई खाली बसत म्हणाली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरखंडाची जाळी, खुंट्यांवर ताणून उभी करतात. "ती रोज हलवायची. एका जागी आनि दाटीवाटीनं चार रोज ठिवली की मेंढरू एकमेकाची लोकर खायला लागतं. करनी न्हाई, काय न्हाई. त्याला अंग हलवायला जागा न्हाई आनि तोंडाला काम न्हाई. पैल्याच दिशी सांगनार हुते, तर तू घोंगडी वढून घेतलीस."

गोजराबाईनं पिसांची बुडं एकेक करून चाचपली. मग तिनं विचारलं, "तुला ह्यात काय पायजे?"

"काय न्हाई."

"कायतरी आसंलच."

"नाव चांगलं ऱ्हाऊ दे आक्का. आमचं वावर न्हाई का घर न्हाई. नाव तेवढं हाय."

देवळात कौल लावल्याचं गेणबाकडून बानूच्या कानावर गेलं होतं तर. गोजराबाईनं ओच्यातल्या मिरच्या मुकाट्यानं परत गाडग्यात टाकल्या.

वाडा वावरातून उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंडिबानं पिंजरा करायला घेतला, आणि तीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा शीळ वाजवताना दिसला. सागाचे चार खांब, दारापेक्षा थोडे बुटके. कळकाच्या कामट्या तासून, बोट जाईल पण डोकं जाणार नाही एवढ्या फटीनं बसवल्या. गोजराबाईनं प्रत्येक फटीत बोट घालून बघितलं. दोन कामट्या उपटून पुन्हा बसवायला लावल्या.

बानूबाई मेंढरांमागून आली की सांगायची. मागची बाजू भिंतीसारखी बंद पाहिजे. चारी बाजूंनी उघडं असलं की जनावर रात्रभर उभं राहतं, पाठ राखायला काहीतरी लागतं. बसायला तारेचा गज नको, जांभळीच्या फांद्या घाल, सालीसकट, एक जाड, एक बारीक, म्हणजे पायाला पालट मिळतो. दाण्याचं भांडं फांदीखाली ठेवू नको, त्यात घाण पडते. प्यायचं पाणी करवंटीत वेगळं, आणि आंघोळीला पसरट परळ वेगळा.

"आंघोळ करत्यात व्हय?" गोजराबाईनं संशयानं विचारलं.

"तू करतीस न्हवं?"

"कामट्या चावून पळतील की."

"चावू देत. चावायला रोज कवळी फांदी दे. चावायला काय न्हाई म्हनून सोताला चावतीया ती."

पिंजऱ्याच्या दोन अंगांना कोंडिबानं दांडे बसवले, पालखीसारखे. सकाळी अंगणात उन्हाला, दुपारी पडवीच्या सावलीला. दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. "वाघूर हलवा," बानूबाई हसून ओरडायची, आणि गोजराबाई एका दांड्याला जायची.

पोपट आत सोडले त्या दिवशी गुलब्या लांबच्या लांब उडत जाऊन पलीकडच्या कामटीला आदळला. इतकी जागा असते हे तो विसरला होता. ठकी तासभर फांदीवर नुसती बसली. मग तिनं एक पंख पसरला, पुरा, टोकापर्यंत. तो कशालाही लागला नाही. तिनं तो तसाच धरून ठेवला, बराच वेळ. गोजराबाई पडवीत सूप घेऊन बसली होती. तिचं पाखडायचं राहून गेलं.

बिब्बे काढले, काळा दोरा काढला. गाठ मात्र तिनं सोडली नाही. एवढा मोठा पिंजरा, उघड्या पडवीत. दाराला तिनं सुती दोरी घेऊन आईची गाठ मारली, दोनदा ओढून बघितली.

सकाळी उठून बघते तर गाठ सुटलेली. दार किलकिलं.

 तिला सगळं एकदम आठवलं. बानूनं पिंजऱ्याची कामटी न् कामटी बघितली होती, दार कुठं, दांडा कुठं, सगळं. गोड बोलून आत शिरली. गोजराबाईच्या तोंडात नाव आलंच होतं. ते ओठावर धरून ती पिंजऱ्यापाशी गेली.

दोघं पोपट आतच होते. ठकी दाराला उलटी लटकली होती आणि दोरीचा उरलेला तुकडा चोचीत घेऊन पिळत होती. एकेक पीळ सुटा करून, एकेक धागा चावून. घोटावड्यात कुणाला न सुटलेली गाठ तिनं रातोरात सोडवली होती. गोजराबाईनं खाली बघितलं. मातीवर सुताचे तुकडे पडले होते, पांढरे.

हिरवं एकही नव्हतं.

तिनं तोंडातलं नाव गिळलं. मग ती तिथंच उकिडवी बसली आणि हसायला लागली, आणि कोंडिबा गोठ्यातून धावत आला, कारण तिच्या हसण्याची त्याला सवय नव्हती. त्यानं त्याच दिवशी दाराला लाकडी खिट्टी केली. आणि गोजराबाई रोज सांजेला एक नवी गाठ बांधून फांदीला लटकवायला लागली. नुसती, ठकीला सोडवायला.

फाल्गुनात धनगर निघाले. एरवी कुणासाठी न जाणारी गोजराबाई वेशीपर्यंत गेली. बानूबाईला म्हणाली, "फुडल्या गावात कुनी काय इचारलं तर सांग, घोटावड्याच्या गोजराबाईनं धाडलंय म्हनून. तिनं डोळ्यानं बघितलंय म्हनावं." मग जरा थांबून, "आनि म्हाताऱ्याला म्हनावं, पीस ऱ्हाऊ दे मुंडाशाला."

चैत्रात जत्रेला रंभा आली. बैलगाडीतून उतरली ती थेट पडवीत. ठकीच्या छातीवर नवी पिसं होती, पण आखूड, आणि त्यांचा हिरवा जुन्या हिरव्याशी जुळत नव्हता. ठिगळ लावल्यासारखी दिसत होती. रंभा बघत राहिली.

"आये, हिला काय झालं? कुनी केलं हे?"

कोंडिबा बैल सोडत होता. त्याचे हात थांबले.

गोजराबाईकडं उत्तरं पुष्कळ होती. मांजर होतं, नजर होती, थंडी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी," ती म्हणाली. "धुरात कोंडली हुती. जपायला."

 रंभानं पिंजऱ्यात हात घातला, ठकी मनगटावर चढली, आणि रंभाची नजर फांदीला लटकलेल्या सुताकडं गेली. तिनं ते बोटांत धरून निरखलं.

"आये, ही तर तुझी गाठ! हितं का?"

"तिला येती सोडवायला," गोजराबाई म्हणाली. "तुला अजून येत न्हाई."

"कोन हाय तितं?" गुलब्यानं विचारलं.

रंभा हसता हसता खाली बसली.

त्या सांजेला घर पाहुण्यांनी भरलं. पोपट पडवीत, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं, उघडे. पाहुणे म्हणत होते, वा काय पाखरं, आणि गोजराबाई ते ऐकून घेत होती. मग ती आत गेली, चुलीतला एक कोळसा विझवून घेतला, आणि लोण्याच्या मडक्याला रेघ मारली.